दहा दिवस, रविवार सोडून

आमच्या पुण्याच्या घरात आई राष्ट्राध्यक्ष होती. ती निवडून आलेली नव्हती. बाबांनी एका दुपारी तसं जाहीर करून टाकलं होतं. बाबा कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि अमेरिकेची शासनव्यवस्था हा त्यांचा लाडका विषय होता. तिथे कायदे करणारे वेगळे आणि ते अमलात आणणारे वेगळे, दोघांनी एकमेकांवर डोळे वटारून बसायचं, आणि हे डोळे वटारणं चक्क घटनेत लिहून ठेवलेलं, याचं त्यांना तीस वर्षं शिकवूनही अप्रूप वाटायचं. मी दहा वर्षांची आणि प्रबोध सात वर्षांचा असताना त्यांनी ही व्यवस्था घराला लागू केली. मी आणि प्रबोध मिळून प्रतिनिधिगृह, बाबा एकटे सिनेट, तिघं मिळून काँग्रेस. प्रबोधने शाळेत "आमचं अख्खं घर काँग्रेसमध्ये आहे" असं सांगितल्यावर त्याच्या बाई पालकसभेत बाबांशी जरा जपूनच बोलल्या होत्या.

अंमलबजावणी, म्हणजे डबे, दप्तरं, गॅसचा नंबर, तापाची औषधं, हे सगळं आधीपासूनच आईकडे होतं. त्यामुळे तिला वेगळी शपथ द्यावी लागली नाही.

पद्धत साधी होती. आम्हाला काही हवं असेल तर ते फुलस्केप कागदावर विधेयक म्हणून लिहायचं. प्रतिनिधिगृहात मंजूर झालं की सिनेटकडे, तिथून आईकडे. आईने सही केली की कायदा. तिला पटलं नाही तर तिने आक्षेप लिहून कागद परत पाठवायचा. मग दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने पुन्हा मंजूर केलं तर तिचा नकार मोडून निघतो. आणि तिने सहीही केली नाही, परतही पाठवलं नाही, तर दहा दिवसांनी, रविवार सोडून, त्याचा आपोआप कायदा होतो. रविवार का सोडायचा, असं प्रबोधने विचारलं होतं. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षाला सुटी असते, असं बाबा म्हणाले. आईने पोळी लाटता लाटता त्यांच्याकडे एकदा पाहिलं. रविवारच्या सुटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही कुत्रा पाळण्याचं विधेयक एकमताने मंजूर केलं होतं. आईने ते परत पाठवलं. खाली एकच ओळ होती: "कुत्र्याला सकाळी फिरवणार कोण, याचा उल्लेख विधेयकात आढळला नाही." प्रतिनिधिगृहाने तिचा नकार दोन मिनिटांत मोडला. मग आम्ही दोघं बाबांसमोर जाऊन उभे राहिलो. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, चप्पल घातली आणि आज सिनेट गैरहजर आहे असं सांगून ते वाचनालयात निघून गेले. कुत्रा आला नाही.

बाबा असतानाचं शेवटचं विधेयक माझं होतं. सिंगापूरमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला नोकरी मिळाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि गंमत म्हणून मी ते जुन्या पद्धतीने लिहून आईच्या हातात दिलं. तिने सही केली नाही. परतही पाठवलं नाही. दहा दिवस सरले, अकराव्या दिवशी ती माझ्यासाठी बॅग घेऊन आली. तिला मी जाणं पसंत नव्हतं, पण तिने अडवलं नाही, एवढा अर्थ मला तेव्हा कळला. पुढची सगळी चूक त्यातूनच झाली.

बाबा गेल्या नोव्हेंबरात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेरावा झाल्यावर चौथ्या दिवशी मी आईला घेऊन सिंगापुरात क्लेमेंटीला, माझ्या घरी आले. पुण्याच्या घराला कुलूप मी लावलं.

आईचा व्हिजिट पास फेब्रुवारीअखेर संपणार होता. त्याआधी काहीतरी ठरवायला हवं होतं, आणि मी आणि प्रबोध ते आईशी समोरासमोर बोलायला धजत नव्हतो. प्रबोध मेलबर्नला असतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, विधेयकच करूया. तिला हसू तरी येईल." म्हणून आम्ही विधेयक केलं. श्रीमती सरोजिनी यांनी यापुढे अनघाकडे, म्हणजे माझ्याकडे, सिंगापुरात राहावं, लाँग-टर्म पासचा अर्ज करावा आणि पुण्याचं घर भाड्याने द्यावं. कारण म्हणून आम्ही लिहिलं: त्यांना एकटं वाटू नये.

ते खोटं नव्हतं. पण माझं कारण वेगळं होतं. आई इथे राहिली, त्या घरात दुसरं कुणी राहायला आलं, तर मला पुन्हा कधीच त्या घरात पाऊल टाकावं लागणार नव्हतं. बाबांची खुर्ची, चष्म्याचं घर, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली पुस्तकं, हे सगळं प्रबोध येऊन आवरेल असं मी मनात ठरवून टाकलं होतं. प्रबोधलासुद्धा हे सांगितलेलं नव्हतं.

एका सोमवारी संध्याकाळी मी तो कागद आईला दिला. तिने चष्मा लावून, ओट्याला टेकून, तो सावकाश वाचला. घडी घालून बाजूला ठेवला आणि विचारलं, "आज दुधी करू की भेंडी?"

तिला हसू आलं की नाही हे मला कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले, कारण आई लिफ्टचे फोटो काढायला लागली. आमच्या ब्लॉकची लिफ्ट, समोरच्या ब्लॉकची, एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनची. आधी दारं बंद असताना, मग उघडी असताना, मग आतली बटणं. ती बाराव्या मजल्यापर्यंत जायची आणि उगाचच खाली यायची. लिफ्टची देखभाल करणारा माणूस आला तेव्हा ती त्याच्याजवळ अर्धा तास उभी होती. माझी मुलगी जाई, वय वर्षं बारा, दुभाषी म्हणून शेजारी. शेजारच्या मिसेस तान यांनी आईला सांगितलं की पूर्वी लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. मग रहिवाशांनी मतदान केलं, तीन-चतुर्थांश लोकांनी हो म्हटलं, तेव्हा कुठे ती प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली. हे ऐकून आई इतकी खूश झाली की तिने मिसेस तानना नारळाच्या वड्या नेऊन दिल्या.

शिवाय रोज पाच वाजता ती फोन घेऊन खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जाऊन बसायची. तास-सव्वा तासाने वर यायची. मी अनिमेषला, माझ्या नवऱ्याला, म्हणाले की मला काळजी वाटतेय. अनिमेष वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठल्याही गोष्टीचं काहीतरी कारण असतंच असा त्याचा विश्वास आहे. तो म्हणाला, कदाचित त्यांना लिफ्टमध्ये शांत वाटत असेल. 

विधेयकाबद्दल आई एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी मी एका परिषदेसाठी बँकॉकला गेले. प्रबोध त्याच दिवशी मित्रांबरोबर टास्मानियाच्या डोंगरात गेला, जिथे फोन लागत नाही.

शनिवारी दुपारी परत येताना बँकॉकच्या विमानतळावर मी बोटांवर दिवस मोजले. सोमवारी दिलं. मंगळवार एक. मधला रविवार सोडला. शुक्रवार दहा. काल दहा दिवस संपले होते आणि आईने कागद परत पाठवला नव्हता. मी तिथेच खुर्चीत बसून पुण्याच्या एजंटला, उज्ज्वलला, भाडेकरू बघायला हरकत नाही असा मेसेज केला. प्रबोधलाही कळवलं की कायदा झाला. मग मी आंब्याचा चिकट भात विकत घेतला आणि सगळा खाल्ला. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच भूक लागली होती.

रविवारी सकाळी आम्ही चौघं हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, नाश्त्याला गेलो. आईला तिथलं सगळं माहीत झालं होतं. कुठला पंखा जास्त वारा देतो, कुठल्या टेबलाचा पाय डुगडुगतो. तिने डोसा मागवला आणि कॉफीवाल्या काकांना "कोपी सिऊ दाई" म्हणजे कमी साखरेची कॉफी असं इतक्या सहज सांगितलं की त्यांनी वर न बघता ती तिच्यापुढे ठेवली.

"आई," मी म्हणाले, "परवा दहा दिवस झाले."

"झाले की."

"तू सही केली नाहीस, पण परतही पाठवलं नाहीस. म्हणजे कायदा झाला."

आईने डोशाचा तुकडा सांबारात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाली, "नाही झाला."

मला वाटलं ती रविवार दोनदा सोडतेय. मी पुन्हा दिवस मोजून दाखवायला लागले. तिने मला थांबवलं.

"तुझा हिशेब बरोबर आहे. दहावा दिवस शुक्रवार. शुक्रवारी तू कुठे होतीस?"

"बँकॉकला."

"आणि प्रबोध?"

"डोंगरात."

"म्हणजे अधिवेशन बंद होतं. मला आक्षेप लिहून परत पाठवायचं असतं, तर कुणाच्या हातात देणार होते? अधिवेशन चालू असताना दहा दिवस संपले तर सहीशिवाय कायदा होतो. काँग्रेस घरी गेलेली असताना संपले तर विधेयक मरतं. पॉकेट व्हेटो म्हणतात त्याला. तुझ्या बाबांनी तुम्हाला शिकवलं नसेल, कारण तुम्ही तेव्हा कधी गावाला जायचा नाहीत."

अनिमेषला कॉफीचा ठसका लागला. जाईने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

मी ग्रंथालयात काम करते. बाबांची अर्धी पुस्तकं मी वाचलेली आहेत, आणि इतक्या सहज हार मानायचा माझा स्वभाव नाही. मी म्हणाले की सुटी छोटी असेल आणि परत आलेले कागद घ्यायला सभागृहाने एखादा माणूस नेमून ठेवला असेल, तर राष्ट्राध्यक्षाला कागद परत पाठवता येतो. तसा कोर्टाचा निकाल आहे. आणि अनिमेष चारही दिवस घरीच होता.

आईने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे वळली. "अनिमेष, तुला नेमलं होतं?"

अनिमेषने माझी नजर टाळली. "मला फक्त वॉटर फिल्टरवाला येईल, त्याला आत घे, एवढंच सांगितलं होतं."

"लेखी?"

"तेही व्हॉट्सअ‍ॅपवर."

"मग झालं तर," आई म्हणाली.

"बट आजी," जाई तिच्या सिंगापुरी बोलीत म्हणाली, "पॉकेट व्हेटोला पॉकेट लागतं ना. साडीला नो पॉकेट, ला."

"म्हणून तर मेथीच्या डब्याखाली ठेवला होता तो कागद."

मी हसायला लागले. आधी थोडी, मग आवरेना इतकी. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. आई हसत नव्हती, पण तिच्या नाकपुड्या हलत होत्या. बाबा वाद हरले की तिच्या अशाच हलायच्या. मी विचारलं की तुला हे सगळं कधीपासून माहीत आहे.

"चाळीस वर्षं. ते प्रत्येक तास आधी मला ऐकवायचे, मग वर्गात. मी कणीक मळायचे आणि ते शिकवायचे. परीक्षा तेवढी कुणी घेतली नाही."

हसू ओसरल्यावर मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं. तुला इथे का राहायचं नाही?

आईने बोटं पुसली आणि पर्समधून फोन काढला. मला वाटलं ती लिफ्टचे फोटो दाखवणार, आणि तिने तेच दाखवले. मग त्यांच्या खालचे मेसेज दाखवले. गेल्या ऑगस्टमध्ये ती सोसायटीची चेअरमन झाली होती. हे तिने आम्हा दोघांना फोनवर सांगितलं होतं आणि आम्ही दोघं "अरे वा" म्हणून ते विसरून गेलो होतो. सोसायटी सोळा घरांची, चार मजल्यांची, चाळीस वर्षांपूर्वीची; लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर नंदामावशी राहते, आईची मैत्रीण. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ती आठ महिने खाली उतरलेली नव्हती. बाबांना शेवटचं बघायलासुद्धा तिला उतरता आलं नव्हतं, ती जिन्याच्या कठड्याला धरून वरून बघत होती. आईने चेअरमन झाल्यापासून एकच काम हातात घेतलं होतं, लिफ्ट. बाबा गेल्यावर कमिटी म्हणाली, तुम्ही आता जपा, लिफ्टचं नंतर बघू. आईने नंतर बघायला नकार दिला. रोज पाच वाजता ती व्हॉइड डेकवर बसून कमिटीची मीटिंग घेत होती. पुण्यात तेव्हा अडीच वाजलेले असतात. सोसायटीतले सगळे सत्तरीचे लोक दुपारची झोप सोडून फोनसमोर बसतात, यावरून कामाची निकड कळावी.

"मला वाटलं तू दुःखाने फोटो काढतेयस," मी म्हणाले.

"दुःखानेच काढले. नाहीतर कोण लिफ्टचे फोटो काढतं?" ती म्हणाली. "पण आता जावं लागेल. कमिटी रोज नवा ठराव करते. दार उजवीकडे उघडावं, दार डावीकडे उघडावं. ठराव करून लिफ्ट वर जात नाही गं. तिथे जाऊन कुणीतरी उभं राहावं लागतं."

अनिमेष आणि जाई ट्रे ठेवायला उठले. बहुधा अनिमेषने मुद्दामच तिला नेलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"विधेयकात माझी काळजी लिहिली आहे. तुझं काय ते कुठेच नाही."

मी टेबलाकडे बघत सांगितलं. मला त्या घरात जायचं नाहीये. तू इथे असलीस की मला जावं लागणार नाही.

"माहीत आहे," आई म्हणाली. "कुलूप लावताना तू तोंड फिरवलं होतंस. मी तुझ्याकडेच बघत होते." मग म्हणाली, "पॉकेट व्हेटो मोडता येत नाही. तुम्हाला हवं तर पहिल्यापासून नवं विधेयक आणा. पण या वेळी मला बोलू द्या."

प्रबोध सकाळीच डोंगरातून परतला होता आणि कायदा झाल्याबद्दल त्याने मला दोन्ही हात वर केलेली चित्रं पाठवली होती. मी त्याला फोन करून कायदा झाला नसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "च्यायला, बाबा असते तर आज पेढे वाटले असते." उज्ज्वलला मी थांबायला सांगितलं.

चार वाजता अधिवेशन भरलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात प्रबोध. शेजारी जाई, जिला त्याच सकाळी प्रतिनिधिगृहात घेतलं होतं. अनिमेष दाराशी उभा राहिला. आई स्वयंपाकघरातच थांबली होती. मी तिला ये म्हणाले तर तिथूनच आवाज आला की बोलावणं रीतसर हवं. हे खरं आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वर्षातून एकदा काँग्रेससमोर भाषण करतो, पण सभागृहात त्याला आमंत्रण देऊन बोलवावं लागतं; तो मनाला येईल तेव्हा आत शिरू शकत नाही. बाबांना यात फार आनंद वाटायचा. इथे सिंगापुरात, आपल्याकडेही, पंतप्रधान सभागृहातच बसलेला असतो. तिथे बघा, म्हणायचे, दारात उभा राहतो. प्रबोधने ठराव मांडला, जाईने अनुमोदन दिलं, आणि अनिमेषने ऑफिसमध्ये कधी काढला नसेल असा आवाज काढून राष्ट्राध्यक्ष येत असल्याचं जाहीर केलं.

आई इरकली नेसून आली. आम्ही सगळे उभे राहिलो. मेलबर्नमध्ये प्रबोधही उभा राहिला, त्यामुळे पडद्यावर फक्त त्याचं पोट दिसायला लागलं.

भाषण सहा मिनिटांचं होतं. देशाची स्थिती बरी असल्याचं तिने सांगितलं. वजन दीड किलोने वाढलं आहे. झोप पाच तासांवर आली आहे. रडू येतं, पण दिवस ठरलेले नाहीत, आणि ते क्लेमेंटीत येतं तसंच पुण्यातही येईल, त्यामुळे रडण्यासाठी पास काढायची गरज नाही. गुडघे उत्तम आहेत. लेकीच्या घरी तिला एक दिवसही पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही, हे तिने मान खाली घालून सांगितलं आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर गेली. कायदा करणं तिच्या हातात नाही, पण शिफारस करता येते. तर शिफारस अशी की राष्ट्राध्यक्षांनी वीस फेब्रुवारीला पुण्याला परत जावं.

प्रबोधने ती शिफारस विधेयक म्हणून मांडली. त्याने एक अट घातली, दर रविवारी व्हिडिओ कॉल. जाई म्हणाली, "कॅन, ला," म्हणजे चालेल. प्रतिनिधिगृहाच्या तीनपैकी दोन मतं बाजूने पडली; मी अजून हात वर केला नव्हता.

"आता सिनेट," अनिमेष दारातून म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

 मला त्या सोमवारच्या विधेयकाची आठवण झाली. मी लिहिलं, प्रबोधने मान्य केलं, मी ते थेट आईच्या हातात दिलं. मधलं सभागृह आम्ही गाळलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"तुला तेव्हाच कळलं होतं?" मी आईला विचारलं.

"वाचता वाचताच. तेवढ्यावरच परत पाठवता आलं असतं. सिनेटची मंजुरी नाही, अशी एक ओळ पुरली असती." तिने पदर सारखा केला. "पण ते कारण मला माझ्या हाताने लिहायचं नव्हतं. म्हणून डब्याखाली ठेवलं."

लॅपटॉपमधून प्रबोधचा आवाज आला. "ताई, तू बस सिनेटमध्ये."

जाईने माझ्यासाठी टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली. मी बसले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला एकाएकी कळलं की बाबा त्या दिवशी वाचनालयात का पळून गेले होते. एकट्या माणसाचं सभागृह फार अवघड असतं. मागे लपायला कुणी नसतं.

मी विधेयक पुन्हा वाचलं. एकदा वाचून झाल्यावर परत वाचलं.

"सिनेटची एक दुरुस्ती आहे," मी म्हणाले. "राष्ट्राध्यक्षांबरोबर सिनेट जाईल. पंधरा दिवस. कुलूप सिनेट उघडेल."

दुरुस्ती झालेलं विधेयक प्रतिनिधिगृहाकडे परत जावं लागतं. ते टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं. जाईने नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं आणि प्रबोधने काहीतरी म्हटलं, ते नेटवर्कमध्ये अडकलं, पण त्याचा हात वर होता.

सही करताना आईने पेन मागितलं. मी एक दिलं. तिने सगळ्यांची मागितली. अमेरिकेत मोठ्या कायद्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष एकेक तुकडा वेगवेगळ्या पेनाने लिहितो आणि ती पेनं कायद्यासाठी झटलेल्या लोकांना वाटून टाकतो, हेही तिने कणीक मळता मळता ऐकलेलं होतं. जाईच्या चमकत्या जांभळ्या पेनाने तिने "स" लिहिला आणि पेन जाईला दिलं. "रो" अनिमेषच्या ऑफिसच्या बॉलपेनाने. "जि" माझ्या पेन्सिलीने, कारण ग्रंथालयवाल्यांकडे पेन्सिलच असते. "नी" लिहिताना तिने प्रबोधला विचारलं की तुला कुठलं पेन ठेवू, आणि तो म्हणाला, लाल ठेव, म्हणजे हरवणार नाही. सही चार रंगांची झाली. कुठल्याही बँकेने ती नाकारली असती.

तिने लगेच नंदामावशीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मावशीने पहिला प्रश्न विचारला की मुलं तयार झाली का.

"दोन्ही सभागृहांत एकमताने," आई म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे हो. वीसला निघते."

 मावशीकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "मग दूधवाल्याला सांगून ठेवते. किती सांगू? आता अर्धा लिटर पुरेल ना तुला?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"एक लिटर सांग," ती म्हणाली. "अनघा येतेय."